औषध पाजलं की सगळी मेंढरं सारखीच दिसतात

पशुवैद्य : ताई, आडपडदा न ठेवता विचारतो. जंतांचं औषध बाजारात मिळतं. बाटलीवर मात्रा लिहिलेली असते. मेंढपाळ ते पाजतो आणि चार दिवसांत मेंढरू परत चरायला लागतं. मग पिढ्यान्पिढ्या वंशावळी लिहून जंतांना पुरून उरणारं मेंढरू घडवायचा खटाटोप कशासाठी? आमच्या सुरतेजवळच्या पलसाण्याकडे कालव्याच्या पाण्यावरचा ऊस आणि भात. पावसाळा सरला तरी बांधावरचं गवत ओलंच राहतं. भादव्या-आश्विनात जी मेंढरं माझ्यासमोर येतात त्यांच्या जबड्याखाली पाणी उतरलेलं असतं, पापणी उलटली तर आत पांढरीफटक. त्या घटकेला मेंढपाळाला आनुवंशिकतेवरचं व्याख्यान नको असतं, औषध हवं असतं, आणि तेही उधारीवर. मी मेंढरू वाचवायच्या धंद्यातला माणूस आहे. तुमचं शास्त्र अजून जन्माला न आलेल्या मेंढराबद्दल बोलतं.

पैदासकार : जन्माला न आलेल्या मेंढराचा बाप आज कळपात फिरतो आहे, डॉक्टर. तो कोण असावा हे कुणीतरी ठरवतंच: मेंढपाळ ठरवतो, बाजार ठरवतो, नाहीतर नशीब. माझं म्हणणं एवढंच की ठरवताना त्याच्या पोटात काय चाललंय तेही बघावं.

तुम्ही ज्या जंताबद्दल बोलताय तो बहुतेक वेळा हिमॉन्कस. मेंढीच्या चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिलिलिटर रक्त संपवतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हजार जंत असले तर रोजचं 50 मिलिलिटर झालं, आणि पंचवीस किलोच्या मेंढीच्या अंगात सगळं मिळून दीड-दोन लिटर रक्त. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी टाकते. ती लेंडीतून गवताशी पडतात. ऊब आणि ओल मिळाली की आठवड्याभरात अळी गवतावर चढून बसते.

आता खरी गोष्ट पुढे आहे. हे जंत कळपात सारखे वाटलेले नसतात. शंभर मेंढरांतली वीस-तीस बहुतेक सगळा भार वाहतात आणि बहुतेक सगळी अंडीही तीच टाकतात. बाकीची त्याच गवतावर चरून धडधाकट राहतात. हा फरक काही खाण्यामुळे, काही वयामुळे, काही योगायोगानं पडतो, पण त्यातला साधारण पाव हिस्सा रक्तातून उतरलेला असतो, बापाकडून लेकराकडे जाणारा. निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या जातींत हे प्रमाण वीस ते तीस टक्क्यांच्या घरात निघालं आहे. दुधाच्या उत्पादनातही ते जवळपास एवढंच असतं, आणि त्यावर जगभरच्या गाई बदलल्या.

पशुवैद्य : पाव हिस्सा रक्ताचा, म्हणजे पाऊण हिस्सा रक्ताबाहेरचा. मी त्या पाऊण हिश्श्यावर काम करतो. गाभण मेंढीला शेवटच्या महिन्यात मूठभर सरकी पेंड रोज मिळाली तर तिचं अंग जंतांशी जास्त नेटानं झगडतं, हे तुमच्याच शास्त्रज्ञांनी दाखवलेलं आहे. प्रथिनं कमी पडली की आधी प्रतिकारशक्ती ढासळते. मग पेंडीवर पैसा घालायचा की प्रयोगशाळेवर?

पैदासकार : पेंड जरूर घाला. पण ती दरवर्षी घालावी लागते आणि दरवर्षी महाग होते. चांगला मेंढा एकदा कळपात सोडला की त्याची देणगी लेकींच्या लेकींपर्यंत जाते. शिवाय तुमच्या बाटलीचा भरवसा तरी किती उरलाय? थायबेंडाझोल 1961 साली बाजारात आलं, आणि त्याला दाद न देणारे जंत तीन-चार वर्षांत सापडले. आयव्हरमेक्टिन 1981 चं. त्याचीही तीच गत झाली. 2009 मध्ये मोनेपँटेल हे अगदी नव्या जातीचं औषध न्यूझीलंडमध्ये विक्रीला आलं, आणि 2013 पर्यंत तिथल्याच एका फार्मवर ते निकामी ठरलं. औषधं शोधायला दशकं लागतात आणि जंत त्यांना काही वर्षांत गिळतात. अशा शर्यतीत मेंढराच्या स्वतःच्या अंगात काही असलेलं बरं.

पशुवैद्य : बरं, मग अंगात ते येतं कसं, ते दाखवा. फलटणचं उदाहरण तुम्ही देणारच, म्हणून मीच आधी काढतो. बनबिहारी निंबकरांची निंबकर कृषी संशोधन संस्था, 1968 पासूनची. डॉ. चंदा निंबकरांनी तिथे मेंढ्यांवर केलेलं काम मी आदरानं वाचलेलं आहे. 1998 मध्ये ऑस्ट्रेलियन मदतीनं जो प्रकल्प सुरू झाला त्याच्या नावातच दोन्ही गोष्टी होत्या: जास्त कोकरं देणारी आणि जंतांना पुरून उरणारी मांसाची मेंढी. मग मला सांगा, आज लोणंदच्या बाजारात फलटणची मेंढी म्हटलं की मेंढपाळाला काय आठवतं? जुळी. जंतांचं नाव कुणी काढतं का?

पैदासकार : नाही काढत. पण का नाही काढत, यातच सगळा धडा आहे. सुंदरबनातली गॅरोल मेंढी दहा-बारा किलोची, गुडघाभर पाण्यात उभी राहून चरणारी. बंगालच्या चिखलात जी मेंढी टिकली ती दोन गुण घेऊन टिकली. एक, ती एका वेताला दोन-तीन कोकरं देते. दुसरा, जंतांना ती फार वाव देत नाही. फलटणला दख्खनी आणि बन्नूर मेंढ्यांशी तिचा संकर केला, कोकरांची लेंडी तपासली, तेव्हा गॅरोलच्या रक्ताच्या कोकरांत अंडी कमी निघाली. हे छापलेलं आहे. पण त्या कोकरांची वाढही कमी होती, कारण गॅरोल मुळात चिमुकली.

आता जुळ्यांचा गुण बघा. तो एकाच जनुकात बसलेला. त्याचं नाव फेकबी. अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालची मेंढरं जहाजातून ऑस्ट्रेलियात गेली, तिथे कुमा गावाजवळच्या बुरुला नावाच्या फार्मवर दोघा भावांनी जुळी-तिळी देणाऱ्या मेंढ्या निवडून ठेवल्या, पुढे शास्त्रज्ञांनी त्या कळपाचा पाठपुरावा केला, आणि 2001 मध्ये तो जनुक नेमका हाती लागला. एकदा जनुक हाती लागला की पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रक्ताच्या थेंबावरून कळू लागलं की या कोकरात तो आहे की नाही. मग काय, गॅरोलचं बाकीचं रक्त पुढच्या पिढ्यांत दख्खनीशी पुनःपुन्हा जोडून पातळ करायचं आणि एवढा एक जनुक तेवढा शिल्लक ठेवायचा. आकार दख्खनीचा, जुळी गॅरोलची. अविकानगरच्या केंद्रीय संस्थेनंही गॅरोल, मालपुरा आणि तुमच्या गुजरातची पाटणवाडी यांतून अविशान नावाची मेंढी घडवली, तीही याच जनुकावर.

जंतांच्या बाबतीत असा एक जनुक नाही. शेकडो आहेत, प्रत्येकाचा वाटा कणभर. गॅरोलचं रक्त पातळ केलं की तेही सगळे पातळ होतात. एक नाणं खिशात टाकून आणता येतं, आख्खी बाजारपेठ खिशात मावत नाही.

पशुवैद्य : म्हणजे नाण्याचीच गोष्ट गावात पोचली, बाजारपेठेची नाही. आणि त्या नाण्यानं माझं काम वाढवलं, हेही ऐकून ठेवा. मेंढी विण्याच्या सुमाराला तिची प्रतिकारशक्ती ढिली पडते. विण्याआधी थोडे दिवस आणि नंतर दीड-दोन महिने लेंडीत अंड्यांचा पूर येतो. एक कोकरू पोसणाऱ्या मेंढीपेक्षा जुळं पोसणाऱ्या मेंढीत तो जास्त. म्हणजे तुम्ही जुळ्यांचा जनुक दिलात, तोच जंतांनाही निमंत्रण देऊन गेला. आईच्या लेंडीतली अंडी, त्यांतल्या अळ्या, आणि त्याच गवतावर तोंड घालणारी दोन कोवळी कोकरं.

पैदासकार : मान्य. म्हणूनच त्या प्रकल्पाच्या नावात दोन्ही गोष्टी एकत्र होत्या. जुळी वाढवायची तर जंतांचा बंदोबस्त वाढवावाच लागतो, मग तो चाऱ्यानं करा की रक्तानं. एक गुण पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला, ही तक्रार मी मोकळेपणानं करते.

(इथे मला थांबून सांगावंसं वाटतं की पशुवैद्यांचा हा मुद्दा मला सगळ्यांत जड वाटला. गुण एकेकटे येत नाहीत, एकाला ओढलं की दुसरा हलतो, हे पैदाशीच्या कामात वारंवार दिसून आलेलं आहे. पैदासकार बाईंनी तो चटकन मान्य केला, पण पुरेसा थांबून विचार केला असं वाटलं नाही.)

पशुवैद्य : आता जागेचा प्रश्न. फलटणला वर्षाला पाचशेच्या आसपास मिलिमीटर पाऊस, सुरतेकडे त्याच्या दुपटीहून जास्त. तिकडे उन्हाळ्यात कुरण करपतं आणि अळ्या वाळून मरतात. निसर्गच औषध पाजतो म्हणा ना. आमच्याकडे कालवे बारमाही. समजा साक्रीकडचा एखादा ठेलारी कळप घेऊन पलसाण्याच्या उसाच्या खोडव्यात उतरला, किंवा काठेवाडाचा मालधारी आला. तुम्ही कोरड्या मुलखात निवडलेला मेंढा त्याला इथे काय कामाचा?

पैदासकार : याचं उत्तर केनियात मिळतं. तिथे रेड मसाई म्हणून मसाई लोकांची जुनी मेंढी आहे. सत्तरच्या दशकात दक्षिण आफ्रिकेची डॉर्पर पसरली, आकारानं मोठी, दिसायला देखणी, आणि सगळे तिच्यामागे लागले. नव्वदच्या दशकात आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेनं दोन्ही जाती किनाऱ्यावरच्या दमट डायनीत शेजारी ठेवून तपासल्या. तिथे रेड मसाईची कोकरं जगली, त्यांच्या लेंडीत अंडी कमी, रक्त चांगलं. कळप म्हणून हिशोब केला तर लहान रेड मसाई मोठ्या डॉर्परला मागे टाकते. हाच प्रयोग आतल्या कोरड्या भागात केला तेव्हा तिचा तो वरचढपणा फारसा उरला नाही.

म्हणून मी तुमचा प्रश्न उलटा करते. जंतविरोधी मेंढ्याची खरी गरज फलटणला कमी आणि पलसाण्याला जास्त. जिथे जंत आहेत तिथेच त्याची किंमत होते. आणि निवडही तिथेच व्हायला हवी.

पशुवैद्य : थांबा, तेच मला बोलायचं होतं. निवड करायची म्हणजे नेमकं काय करायचं ते मेंढपाळाला ऐकू द्या. नर कोकरांना दूध तुटल्यावर औषध न पाजता जंतांनी भरलेल्या गवतावर चरू द्यायचं. का? कारण सगळ्यांना औषध पाजलं की सगळी सारखीच दिसतात, कोणतं कोकरू स्वतःच्या बळावर उभं आहे ते कळतच नाही. तुमचं शास्त्र मुळातच रोग होऊ देण्यावर उभं आहे. मी आयुष्यभर ज्याला निष्काळजीपणा म्हणत आलो, त्याला तुम्ही चाचणी म्हणता.

पैदासकार : अगदी बरोबर पकडलंत. औषध पाजलं की सगळी सारखीच दिसतात, आणि म्हणूनच आपण पिढ्यान्पिढ्या दुबळ्या मेंढ्यालाही पैदाशीला वापरत आलो. बाटलीनं त्याचा दुबळेपणा झाकला. पण चाचणी म्हणजे मरू देणं नव्हे. काही कोकरांची लेंडी अधूनमधून तपासत राहायची. मिठाच्या दाट पाण्यात लेंडी कालवली की अंडी वर तरंगतात, चौकटी आखलेल्या काचेवर ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. मॅकमास्टर पद्धत म्हणतात तिला, साधी आणि स्वस्त. सरासरी एका ठरावीक आकड्याला पोचली की प्रत्येक कोकराची लेंडी एकदा घ्यायची आणि त्याच दिवशी सगळ्यांना औषध. एवढ्यात कुणी दगावू नये.

पशुवैद्य : नये. कागदावर नये. भादव्यातल्या पलसाण्यात सरासरी सोमवारी बरी असते आणि पुढच्या सोमवारी दोन कोकरं आडवी झालेली असतात. तुमच्या ऑस्ट्रेलियन फार्मवर दर दहा दिवसांनी लेंडी मोजायला माणूस असतो. इथे मेंढपाळ आज या शेतात, परवा पुढच्या. वाड्यासोबत प्रयोगशाळा चालत नाही. त्यातून कळपात एकाच वेळी तीन-चार मेंढे सोडलेले. कोकराचा बाप कोण हे त्या कोकराच्या आईलाही सांगता यायचं नाही. बाप माहीत नसेल तर तुमचा पाव हिस्सा कुणाच्या नावावर चढवणार?

पैदासकार : तिथेच डीएनएचा खरा उपयोग आहे. लोकांना वाटतं डीएनए म्हणजे जादूचा जनुक शोधणं. त्यापेक्षा साधं काम त्यानं होतं. कानाचा कण किंवा केसांची मुळं घेतली की कोकराचा बाप कोणता मेंढा हे ठरवता येतं. मग मेंढपाळानं वेगवेगळे वाडे करायची गरज नाही, मेंढे एकत्र सोडा. 2001 मध्येच जनुकांच्या हजारो खुणा एकत्र मोजून प्राण्याची किंमत आधीच काढायची पद्धत मांडली गेली, तीही पुढे वापरता येईल.

पशुवैद्य : हजारो खुणा मोजाल हो, पण त्या खुणांचा अर्थ लावायला आधी हजारो मेंढरांच्या लेंड्या मोजलेल्या हव्यात. परत माणूस, परत काच. तुमच्या सगळ्या वाटा फिरून लेंडीशीच येतात.

मी एक उदाहरण देतो, तुमच्या बाजूचंच. मेहसाणा म्हशीच्या बाबतीत दूधसागर डेअरीच्या संशोधन संस्थेनं रेड्यांची कूळपरीक्षा वर्षानुवर्षं चालवली: कोणत्या रेड्याच्या लेकी किती दूध देतात ते मोजायचं आणि मग कोणत्या रेड्याचं वीर्य वाटायचं ते ठरवायचं. ती का चालली? कारण गुजरातेत दूध मंडळीत रोज दोन वेळा मापलं जातं. सुमुल डेअरी असो की दूधसागर, माप हा धंद्याचाच भाग आहे. दुधाला भाव असतो, म्हणून माणूस ते मोजतो. लेंडीला कोण भाव देणार? ती शेतात पडली की शेतकरी खत म्हणून मेंढरं बसवण्याचे पैसे देतो, पण जंतांची अंडी कमी आहेत म्हणून एक रुपया जास्त देत नाही.

आणि बाजाराचं सांगतो. आटपाडीच्या बाजारात माडग्याळ मेंढ्याला लाखांत बोली लागते. का? त्याच्या फुगीर, वाकड्या नाकामुळे. नाक डौलदार असेल तर मेंढपाळ जमीन विकायला निघतो. त्या मेंढ्याच्या चौथ्या पोटात काय आहे याची चौकशी मी तरी ऐकलेली नाही.

पैदासकार : नाकाला मी नावं ठेवणार नाही. मेंढपाळाच्या निवडीला, त्याला कळत असो वा नसो, एक शिस्त आहे. पिढ्यान्पिढ्या नाक बघून मेंढा निवडल्यामुळेच ते नाक झालं. याचा अर्थ मेंढपाळाला पैदास करता येते. फक्त काय बघायचं यात एक गोष्ट वाढवायची. आणि लेंडी नको असेल तर पापणी तर आहे ना? दक्षिण आफ्रिकेत नव्वदच्या दशकात फमाचा नावाचा पाच रंगांचा तक्ता काढला. पापणीच्या आतला रंग त्याच्याशी ताडून बघायचा. लालबुंद असेल तर औषध नको, फिकट असेल तरच द्यायचं. यानं दोन गोष्टी होतात. औषध वाचतं, आणि काही मेंढरांत औषधाची गाठ न पडलेले जंत शिल्लक राहिल्यामुळे औषधही जास्त वर्षं चालतं. शिवाय ज्या मेंढीला हंगामात पुनःपुन्हा औषध द्यावं लागतं ती ओळखू येते. तिची कोकरं पैदाशीला ठेवू नका, एवढं केलं तरी निवड सुरू झाली.

पशुवैद्य : पापणी उलटून बघणं धनगराला शिकवायला नको, तक्ता द्यायचा तर द्या. मात्र तो तक्ता फक्त रक्त पिणाऱ्या जंतापुरता. यकृतात शिरणारे चपटे कृमी वेगळे, आतड्यातले वेगळे. आणि बाकीच्या रोगांचं काय? पीपीआर, आंत्रविषार, निळी जीभ. मेंढपाळ रडतो तो बहुतेक त्यांच्यामुळे. त्यांच्यावर लस आहे. दख्खनच्या पठारावर मुक्काम ठोकून बसलेल्या निळ्या जिभेवर अनेक प्रकारांची एकत्र लस निघाली. तिथे माझ्या सुईनं जे होतं ते तुमच्या वंशावळीनं शंभर वर्षांत होणार नाही.

पैदासकार : त्याबाबत माझा वाद नाही. जिथे लस आहे तिथे लस. जंतांवर तशी सर्रास वापरता येईल अशी लस आपल्याकडे नाही, म्हणून तर हा सगळा प्रपंच. आणि एक शंका तुम्ही अजून काढली नाहीत, ती मीच काढते. औषधाला जसे जंत सरावले तसे मजबूत मेंढराला सरावले तर? ऑस्ट्रेलियात हेही तपासून पाहिलं. हिमॉन्कसच्या चौदा पिढ्या निवडलेल्या मजबूत मेंढरांतूनच नेल्या, तरी तो त्यांना सरावला नाही. औषध एका जागी घाव घालतं, म्हणून ती जागा चुकवता येते. मेंढराचं अंग एकाच वेळी शंभर बाजूंनी लढतं.

पशुवैद्य : हे मला माहीत नव्हतं, आणि हे चांगलं आहे. आता तुमच्या बाजूची एक अडचण मी काढतो, कारण तुम्ही ती काढणार नाही. आपल्या देशात औषधाला दाद न देणारे जंत सगळ्यांत जास्त कुठे सापडले? फिरत्या मेंढपाळांच्या कळपांत नव्हे. संघटित फार्मांवर, जिथे वेळापत्रकानुसार सगळ्या मेंढरांना औषध पाजलं जातं. आता तुमचा सुधारित मेंढा कुठून येणार? फार्मवरूनच. म्हणजे मेंढपाळ चांगलं रक्त म्हणून मेंढा आणतो, आणि त्याच्या पोटातून औषधाला न मानणारे जंत आपल्या कुरणावर पेरतो. हे रक्त आणि हे जंत एकाच गाडीतून उतरतात.

पैदासकार : हे खरं आहे. उपाय साधा आहे: नवीन मेंढा पंधरवडाभर वेगळा बांधायचा, दोन वेगवेगळ्या गटांतली औषधं एकदम पाजायची, लेंडी तपासायची आणि मगच कळपात सोडायचा. पण साधा उपाय असणं आणि तो होणं यांत अंतर आहे, हे मी कबूल करते. यावरून एक गोष्ट मला पटते की मेंढे फार्मवर निवडून गावात वाटण्याचा जुना रस्ता जंतांच्या बाबतीत उलटा आहे. इथियोपियात 2009 च्या सुमाराला मेन्झ, होरो, बोंगा अशा मेंढ्यांवर गावांतच निवड सुरू झाली. गावकऱ्यांच्या मेंढरांच्या नोंदी ठेवायच्या, दरवर्षी गावानं मिळून सर्वोत्तम नर निवडायचे, बाकीचे विकायचे. तिथे वजन आणि कोकरांची संख्या बघतात. तिथे लेंडीची एक नोंद वाढवायला काय अडचण आहे?

पशुवैद्य : अडचण अशी की इथियोपियातल्या त्या गावात गवत गावाचं असतं. आमचा मेंढपाळ पुढे निघून जातो. हे नीट ऐका, कारण माझा मुख्य आक्षेप हाच आहे. मजबूत मेंढरू ठेवण्याचा अर्धा फायदा म्हणजे ते कमी अंडी टाकतं, कुरण हलकं राहतं आणि त्या कुरणावर चरणाऱ्या पुढच्या सगळ्या कोकरांना कमी अळ्या मिळतात. तुमच्या सगळ्या हिशोबांत हा फायदा मोठा धरलेला असतो. पण फिरता मेंढपाळ ते कुरण मागे टाकून जातो. त्याच्या मेंढरांनी कमी अंडी टाकली त्याचं सुख मागून येणाऱ्या कळपाला, आणि याच्या वाट्याला पुढे गेलेल्या कळपाच्या अळ्या. म्हणजे चाचणीसाठी औषध रोखून कोकरू गमवायचा धोका यानं घ्यायचा, चार-पाच वर्षं नोंदी यानं ठेवायच्या, एखादा देखणा मेंढा लेंडी वाईट म्हणून यानं विकायचा, आणि निम्मा फायदा दुसऱ्याचा. कोणता शहाणा माणूस हे करेल?

पैदासकार : एकटा कुणीच करणार नाही. मी आतापर्यंत हा प्रश्न एका मेंढपाळाचा समजत होते, मेंढ्याच्या किमतीचा समजत होते. तुम्ही तो वाटेचा केलात. एका वाटेवरून जाणारे सगळे कळप मिळून केलं तरच हे परवडतं. नाहीतर औषधच स्वस्त पडणार, आणि औषध संपेपर्यंत स्वस्तच पडत राहणार.

पशुवैद्य : आणि औषध संपलं की?

पैदासकार : तेव्हा निवड करायला मजबूत मेंढरं शिल्लक असली पाहिजेत. गॅरोल, रेड मसाई यांच्यासारख्या जाती जिथे औषध फारसं पोचलं नाही तिथे टिकल्या. आपण औषधाच्या आधाराने देखणी, मोठी मेंढरं वाढवत नेली आणि लहान, चिवट मेंढरं बाजारातून गेली, तर पुढच्या पिढीच्या पैदासकाराला निवडायला काही उरणार नाही. देशात सात कोटींच्या वर मेंढ्या आहेत. त्यांच्यातला हा फरक आपण मोजत नाही आहोत, आणि न मोजताच तो पुसत चाललो आहोत.

पशुवैद्य : म्हणजे तुमचा मेंढा पलसाण्याला यायच्या आधी तुम्हाला मोजणी हवी.

पैदासकार : आणि तुम्हाला?

पशुवैद्य : मला नुकसानभरपाई हवी. चाचणीत कोकरू गेलं तर त्याचे पैसे मेंढपाळाच्या खिशातून जाता कामा नयेत. ज्या कामाचा अर्धा फायदा सगळ्यांचा, त्याचा धोका एकट्याचा ठेवू नका. त्याची सोय झाली की मी स्वतः काच घेऊन बसेन. तोवर भादव्यात दारी आलेल्या मेंढपाळाला मी औषधच देणार.

पैदासकार : द्या. पण सगळ्या कळपाला देऊ नका. पापणी फिकट असेल त्यालाच द्या, आणि कोणाला दिलं ते त्याच्या वहीत लिहून ठेवायला सांगा. तेवढ्यापासून तरी सुरुवात होते.

(दोघांचं इथपर्यंत जुळलं आणि पुढे थांबलं. भरपाई कुणी द्यायची आणि वाटेवरच्या सगळ्या कळपांना एकत्र कुणी आणायचं, यावर दोघांकडेही उत्तर नव्हतं. महाराष्ट्रात पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे, राहुरीचं कृषी विद्यापीठ दख्खनी मेंढीवर वर्षानुवर्षं काम करतं आहे, फलटणला अनुभव आहे. माझी विनंती मात्र मेंढा विकत घेणाऱ्याला आहे. लोणंदला जा, आटपाडीला जा, की एखाद्या फार्मवर जा. नाक बघा, लांबी बघा, रंग बघा. मग विकणाऱ्याला एवढंच विचारा की याच्या बापाची लेंडी कधी तपासली होती का, आणि गेल्या पावसाळ्यात याला किती वेळा औषध द्यावं लागलं. पहिल्या वर्षी उत्तर मिळणार नाही. विचारणारे वाढले तर विकणाऱ्याला वही ठेवावीच लागेल.)